वीस विडे आणि शनिवारची रात्र



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधले चार महिने प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाने खाल्ले, त्यामुळे ब्लॉगकडे फिरकायलाच जमलं नाही. आजचा विषय त्या चार महिन्यांतूनच निघाला आहे, पण सुरुवात एका गेमपासून करते.

माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, जर्मनीत असतो. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमची जुनी, म्हणजे 'क्लासिक' आवृत्ती एकत्र खेळायला घेतली. दर शनिवारी रात्री दहाला मी पुण्यात लॅपटॉप उघडायचे, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची. खेळता खेळता गप्पा व्हायच्या. आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, त्याची नोकरी, माझे गाइड, सगळं. मग प्रकरण दोन आलं आणि शनिवार बुडायला लागले.

चार महिन्यांनी एका रात्री मी पुन्हा लॉग इन केलं. दादा अजून आला नव्हता. म्हटलं, बघू तरी आपण कुठे होतो. कामांची यादी उघडली, तर २० पैकी २० क्वेस्ट भरलेल्या. सहा करड्या रंगाच्या, म्हणजे आता आपल्या पातळीला फारच सोप्या. दोन लाल, म्हणजे झेपणार नाहीत अशा. बाकीच्यांत कोणाला कोळ्यांचे पाय हवेत, कोणाला चिठ्ठी पोचवायची आहे, कोणाचा लांडग्यांचा बंदोबस्त करायचाय. कोणासाठी काय आणि का, काही म्हणजे काही आठवेना. मी दहा मिनिटं यादीकडे बघत बसले आणि दादा यायच्या आत लॅपटॉप बंद करून झोपले. पुढचे तीन शनिवार लॉग इन केलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, गेम आहे तो, त्याचं काय एवढं! मलाही तेच वाटलं. पण माझ्या पीएचडीचा विषयच मुळात 'अर्धवट राहिलेली कामं आपल्या डोक्यात काय करतात' हा आहे. (एमएस्सी संख्याशास्त्रात केली, तिथून संज्ञानशास्त्रात कशी आले ती वेगळी कथा.) त्यामुळे ही दमछाक नेमकी कुठून आली हे शोधल्याशिवाय मला राहवेना. शोधायला लागले, तर हाती लागला एक चाळीसेक वर्षांचा छान इतिहास.

आधी शब्दाबद्दल थोडं

जे गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी: क्वेस्ट म्हणजे गेममधल्या एखाद्या पात्राने तुम्हाला दिलेली कामगिरी. ती पार पाडली की बक्षीस मिळतं. आपल्याकडे याला फार नेमका शब्दप्रयोग आहे, विडा उचलणे. दरबारात तबकात विडा ठेवायचा आणि ज्याला कामगिरी झेपेल त्याने पुढे होऊन तो उचलायचा. अफजलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलल्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली आहे. पण त्या गोष्टीत विडा एकच असतो आणि उचलणारा आधी विचार करतो. एकाच दुपारी वीस विडे खिशात घालून घरी निघालेला सरदार कोणी ऐकलाय का? ऑनलाइन गेम खेळणारे आम्ही सगळे तसे सरदार आहोत. आणि हे आपोआप घडलेलं नाही.

यादी नव्हती तेव्हा

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल त्यात सामील झाला आणि त्याने तो वाढवला. चित्रं नाहीत, फक्त मजकूर. पण एकाच जगात अनेक माणसं एकाच वेळी वावरत होती, ही गोष्ट नवी होती. त्या जगात तुम्हाला कोणी काम सांगत नसे. खजिना शोधायचा, दलदलीत नेऊन टाकायचा, गुण मिळवायचे आणि शेवटी 'विझर्ड' व्हायचं. मधल्या वेळात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

मार्च १९९९मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. नावातच क्वेस्ट! गंमत म्हणजे त्यात क्वेस्टची यादीच नव्हती. एखाद्या पात्रासमोर उभं राहून त्याला नमस्कार टाइप करायचा. तो काहीतरी बोलणार, त्यातले काही शब्द चौकटी कंसात असणार. तो शब्द वापरून पुढचा प्रश्न विचारायचा. कोणी काय मागितलं हे लक्षात ठेवणं तुमच्याकडे. लोक कीबोर्डशेजारी वही ठेवायचे. या गेममध्ये पुढची पातळी गाठायची तर मुख्य रस्ता वेगळाच होता: चार-पाच जणांनी एखाद्या जागी तळ ठोकायचा आणि तासन् तास राक्षस मारत बसायचं. कंटाळवाणं होतं, पण डोक्यावर ओझं नव्हतं. उचललेला विडा वहीत असायचा, आणि वहीत लिहायला कष्ट पडतात म्हणून माणूस मोजकंच लिहायचा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिवळं उद्गारचिन्ह

२३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. बनवणारी कंपनी ब्लिझर्ड. ज्याच्याकडे काम आहे त्या पात्राच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह, काम पूर्ण झालं की पिवळं प्रश्नचिन्ह. क्लिक केलं की कामाची नोंद यादीत. वही गेली, आठवण ठेवणं गेलं. यादीत सुरुवातीला २० कामं मावायची, पुढे ती मर्यादा २५ झाली आणि नंतर आणखी वाढली.

मुळात ब्लिझर्डचा बेत एवढ्या क्वेस्ट ठेवायचा नव्हताच. सुरुवातीच्या प्रदेशात क्वेस्ट द्यायच्या, खेळाडूला जग कळलं की पुढे त्याने एव्हरक्वेस्टसारखं राक्षस मारत जायचं, असा विचार होता. पण कंपनीतल्याच लोकांनी चाचणीसाठी खेळून पाहिलं तेव्हा क्वेस्ट संपल्या त्या ठिकाणी त्यांना गेम बिघडल्यासारखा वाटला. मग ठरलं की शेवटच्या पातळीपर्यंत क्वेस्ट पुरवायच्या. काम सांगणारं कोणीतरी असण्याची सवय लागायला माणसाला फार वेळ लागत नाही, एवढंच यातून दिसतं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता खेळाडूच्या बाजूने विचार करू. तुम्ही एका गावात पोचलात. आठ जणांच्या डोक्यावर पिवळी चिन्हं आहेत. सगळी कामं आसपासच्याच रानात आहेत. काम स्वीकारायला एक क्लिक. पण एखादं काम आत्ता घेतलं नाही आणि नंतर हवं झालं तर पायपीट करून परत यावं लागणार. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? आठही घेईल. घरून बाजाराला निघालं की आई म्हणते ना, "जातेच आहेस तर कोथिंबीर आण, टेलरकडून ब्लाऊज घे आणि येताना दळण टाक." तोच हिशोब. म्हणजे सगळे विडे उचलण्यात आपला हावरटपणा नाही. उचलणं फुकट आणि परत येणं महाग अशी रचना असेल तर सगळं उचलणं हेच तर्काला धरून आहे.

घोळ पुढे होतो. एका क्वेस्टला सरासरी पंधरा मिनिटं धरली तर २० क्वेस्टना पाच तास. माझ्याकडे शनिवारचा दीड तास. यादी भरायला तीन मिनिटं लागतात आणि रिकामी करायला तीन आठवडे. मधल्या तीन आठवड्यांत नवी गावं येतात, नवी पिवळी चिन्हं दिसतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

चूक कबूल करणारा रचनाकार

या इतिहासातला माझा आवडता प्रसंग २००९चा आहे. सॅन फ्रान्सिस्कोला गेम बनवणाऱ्यांची मोठी परिषद भरते, जीडीसी. तिथे वॉरक्राफ्टच्या क्वेस्टचं काम ज्याच्या हाताखाली झालं त्या जेफ कॅप्लनने भाषण दिलं आणि त्यात स्वतःच्या टीमच्या चुका एकेक करून सांगितल्या. त्यातल्या एका चुकीला त्याने 'ख्रिसमस ट्री'चं नाव दिलं होतं. गावात शिरताच नकाशाभर पिवळी चिन्हं लुकलुकायला लागतात, अगदी दिव्यांनी मढवलेल्या नाताळच्या झाडासारखी. खेळाडूंना हे आवडतं, कारण भरपूर काम दिसतं. पण मग ते न वाचता सगळं उचलतात, कुठलं काम कोणी दिलं ते विसरतात, आणि गोष्ट सांगायचा रचनाकाराचा हेतू वाया जातो.

दुसरी चूक तर त्याने स्वतःच्या नावावर घेतली. स्ट्रँगलथॉर्न नावाच्या जंगलात एका पुस्तकाची विखुरलेली पानं गोळा करायची क्वेस्ट आहे. वेगवेगळी १५ पानं, प्रत्येक पान पिशवीतली एक जागा अडवणार, आणि सुरुवातीच्या पिशवीत जागा फक्त १६. ही क्वेस्ट आपणच लिहिली होती आणि ती गेममधली सगळ्यात वाईट क्वेस्ट आहे, असं तो म्हणाला. एवढ्या मोठ्या गेमचा माणूस भर सभेत हे बोलतो याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे सेमिनारमध्ये 'हा प्रयोग माझ्यामुळे फसला' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

उपाय आणि उपायांचे उपद्रव

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. डिसेंबर २००९मध्ये गेमच्या नकाशावरच क्वेस्टच्या जागा दिसायला लागल्या. आता कुठे जायचं हेही शोधायला नको. डिसेंबर २०१०मध्ये 'कॅटक्लिझम' आलं आणि जुन्या जगातल्या क्वेस्टची नव्याने मांडणी झाली. एका वेळी दोन-तीन कामं, ती संपली की पुढची. ओझं कमी झालं, पण लगेच तक्रार आली की आम्हाला रुळांवरून ढकलल्यासारखं वाटतंय, भटकायची मजा गेली.

दुसरीकडे २००७पासून रोजच्या क्वेस्ट सुरू झाल्या होत्या. आज केलेलं काम उद्या पुन्हा यादीत हजर. दिवसाला आधी १० करता यायच्या, मग २५. सप्टेंबर २०१२मधल्या नव्या भागाच्या वेळी ही मर्यादाच काढून टाकली. हवं तेवढं करा! स्वातंत्र्य वाढलं ना? झालं उलटंच. महत्त्वाची बक्षिसं या रोजच्या कामांमागे होती, त्यामुळे 'करू शकता'चं 'करायलाच हवं' झालं, आणि हा गेम आहे की दुसरी नोकरी, अशी ओरड सुरू झाली. गेमसाठी दरमहा पैसे मोजावे लागतात हे विसरू नका. आपणच पैसे भरून आपणच कामावर जायचं!

त्याच वर्षी, ऑगस्ट २०१२मध्ये, 'गिल्ड वॉर्स २'ने वेगळा रस्ता धरला. उद्गारचिन्हं आणि घ्यायच्या कामांचा ढीग जवळजवळ काढूनच टाकला. तुम्ही रस्त्याने चालताय, शेजारच्या गावावर हल्ला झाला, वाटलं तर मदत करा, नाही तर पुढे चला. स्वीकारणं नाही, म्हणजे अर्धवट राहणंही नाही.

डोक्यात काय होतं?

आता माझ्या विषयाकडे येते. १९२७ साली बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने लोकांना वीसेक छोटी छोटी कामं दिली. (हो, वीस! योगायोग आहे, पण मला आवडतो.) निम्मी पूर्ण करू दिली, निम्म्यांत मध्येच अडवलं. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवली. हाच तो प्रसिद्ध झायगार्निक परिणाम. इंटरनेटवर तो छातीठोकपणे सांगितला जातो, पण संख्याशास्त्रातून आलेली असल्यामुळे सांगायलाच हवं: पुढे हा प्रयोग अनेकांनी करून पाहिला आणि निकाल एकसारखे आले नाहीत. जास्त टिकून राहिला तो तिचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिने १९२८मध्ये मांडलेला मुद्दा. काम मध्येच थांबवलं की माणूस संधी मिळताच, कोणी न सांगता, ते पुन्हा हातात घेऊ पाहतो. म्हणजे अर्धवट काम लक्षात राहीलच असं नाही, पण ते मागे ओढतं.

माझ्या यादीचं नेमकं हेच झालं होतं. वीसपैकी एकही काम धड आठवत नव्हतं आणि वीसही जणू ओढत होती. त्यात, एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींचा आकडा नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये साधारण चार असा मांडला आहे. चारच्या डब्यात वीस पोळ्या कोंबल्यावर झाकण कसं लागणार?

मग आकडा कमी केला की काम झालं? इतकं सोपं नाही. २०००मधला जॅमचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तर थांबणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी खरेदी केली, ६ मांडले तर सुमारे ३० टक्के. पण २०१०मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पर्याय जास्त असले की माणूस गोंधळतोच असं नाही. २०१५मधल्या आणखी एका एकत्रित अभ्यासात दिसलं की त्रास केव्हा होतो हे इतर गोष्टींवर ठरतं, आणि त्यातली एक म्हणजे आपल्याला नक्की काय हवंय हेच ठाऊक नसणं.

इथे मला रिचर्ड बार्टल पुन्हा भेटला. मडवाल्या या बार्टलने १९९६मध्ये एक निबंध लिहिला. अशा गेममध्ये माणसं चार कारणांनी येतात, असं त्याने मांडलं: काहीतरी मिळवायला, जग हिंडायला, इतरांशी गप्पा मारायला आणि इतरांना छळायला. निबंध वाचता वाचता मी थांबले. क्वेस्टची यादी या चारांपैकी पहिल्याशीच बोलते. किती झालं, किती उरलं. मी त्या गेममध्ये मिळवायला गेलेच नव्हते. मी दादाशी बोलायला जात होते. पण चार महिन्यांनी परत आल्यावर दादा दिसायच्या आधी यादी दिसली, आणि आपण इथे का येतो हेच मी विसरले. पुढचे तीन शनिवार मी वीस क्वेस्टना टाळत नव्हते, मी माझ्या भावाला टाळत होते. कारण आल्यावर तो विचारणार, "कुठपर्यंत आलीस?"

फोन

शेवटी त्याचाच फोन आला. मी यादीचं रडगाणं गायलं. तो हसला आणि म्हणाला, "अगं, टाकून दे ना! सगळ्या टाक. ते लोक तिथेच उभे असतात, हव्या तर परत घेऊ. फक्त स्टॅलव्हनची ठेव, ती आपली अर्धी राहिलीय."

स्टॅलव्हनची कथा म्हणजे डस्कवुडच्या अंधाऱ्या रानात सुरू होणारी क्वेस्टची साखळी. जुन्या चिठ्ठ्या आणि नोंदी शोधत या गावातून त्या गावात हिंडायचं आणि एका माणसाचं पुढे काय झालं ते तुकड्यातुकड्याने जोडायचं. काय झालं ते सांगत नाही, खेळणाऱ्यांची मजा जाईल. त्या शनिवारी मी एकोणीस क्वेस्ट टाकून दिल्या. प्रत्येक वेळी गेम विचारत होता, नक्की ना? एकोणिसाव्यापर्यंत 'नक्की' म्हणायची सवय झाली होती. मग आम्ही दोघं मूनब्रूकच्या रस्त्याला लागलो आणि त्याने मला सांगितलं की आत्याचा दुसरा गुडघाही करायचा ठरलाय. हे मला तीन आठवडे आधी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रबंधाची फाइल उघडली. त्यात 'करायचं आहे' या शीर्षकाखाली ४३ ओळी होत्या. 'हा पेपर वाच', 'तो आलेख पुन्हा काढ', 'गाइडना विचार'. उचलणं फुकट, त्यामुळे गेली दोन वर्षं दिसेल तो विडा मी उचलत आले होते. ४३ ओळी वाचल्या. काही करड्या झाल्या होत्या, म्हणजे आता त्यांची गरजच उरली नव्हती. काही लाल, ज्या या पीएचडीत होणार नाहीत. त्या काढल्या. अकरा उरल्या.

त्या अकरांचं काय करायचं यासाठी २०११चा एक अभ्यास कामी आला. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांना दिसलं की अपुरं उद्दिष्ट दुसऱ्या कामात लुडबुड करतं, पण ते कधी, कुठे, कसं करायचं याची नेमकी योजना केली तर काम पूर्ण न होताही ही लुडबुड थांबते. म्हणून आता प्रत्येक ओळीपुढे एकच वाक्य लिहिते: कोणत्या दिवशी, कुठे बसून, पहिली कृती काय. असं वाक्य लिहिता येत नसेल तर तो विडा तबकात परत.

गेमवाल्यांना ही गोष्ट कळायला बरीच वर्षं लागली आणि अजून ती पूर्ण सुटलेली नाही, हे बघून मला थोडा धीर येतो. तुमच्याही यादीत काही करडं झालं असेल तर ते खुशाल टाकून द्या. पण टाकण्याआधी एकदा बघा, त्या यादीच्या पलीकडे कोणी आपली वाट बघत बसलंय का.

दुसरं प्रकरण अजून गाइडकडे आहे. दर शनिवारी रात्री दहाला मात्र मी उपलब्ध नाही.